यंत्र उरतं, वही हरवते: जुन्या वैज्ञानिक उपकरणांच्या जतनाचा आढावा

२ सप्टेंबर १८५९. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत भूचुंबकत्व मोजण्याची यंत्रं नेहमीप्रमाणे चालू होती. दोन तारांवर आडवी तोललेली चुंबकपट्टी, तिच्या हालचालीबरोबर सरकणारे मोजपट्टीचे भाग आणि ते लांबून वाचण्यासाठी रोखलेली लहानशी दुर्बीण, अशी त्यांची साधारण रचना. निरीक्षकाने दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. एरवी हे तासातासाने चाले. त्या दिवशी चुंबकपट्टी इतकी भरकटली की दर काही मिनिटांनी नोंद घ्यावी लागली. दुपारच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर डोळे दिपवणारी ठिणगी पाहिली होती. तिचा तडाखा आता पृथ्वीला बसला होता.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तोवर फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं आली होती. चुंबकीय वादळाच्या भरात ती रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात यंत्रापुढे माणूस बसलेला असल्यामुळे नोंद तुटली नाही. पुढे २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वादळाची ताकद नव्याने मोजली, तेव्हा त्यांचा मुख्य आधार कुलाब्याच्या या नोंदी होत्या. आज उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौरवादळाचा किती धोका आहे याचा अंदाज बांधताना जगभर हा आकडा पुढे ठेवला जातो.

पण वहीत नॅनोटेस्ला लिहिलेले नव्हते. लिहिलेले होते मोजपट्टीवरचे भाग. एक भाग म्हणजे किती बल, खोली तापली की चुंबकाची शक्ती किती घटते, त्यासाठी किती सुधारणा करायची, हे सगळं त्या विशिष्ट यंत्राच्या घडणीवर अवलंबून होतं. वेधशाळेने आकड्यांबरोबर यंत्राचं वर्णन आणि त्याचे गुणांकही छापून ठेवले होते, म्हणून दीडशे वर्षांनी त्या भागांचे नॅनोटेस्ला करता आले.

जुनी वैज्ञानिक उपकरणं का जपायची, कशी जपायची आणि कोणी जपायची, या सगळ्या चर्चेला हे उदाहरण पुरून उरतं. उपकरण, त्याच्या नोंदवह्या, त्याच्या दुरुस्त्या आणि ते चालवणाऱ्याचं कसब या चार गोष्टी मिळून एक वस्तू होते. यातली एक हरवली की उरलेल्या तीनही अर्ध्या मुक्या होतात. आपल्याकडे आणि जगात या चारांपैकी काय जपलं गेलं आणि काय वाऱ्यावर सोडलं गेलं, त्याचा हा आढावा.

पितळेचा मोह

उपकरणं जमवण्याची सुरुवात विज्ञानासाठी झाली नाही. राजेरजवाडे आणि श्रीमंत हौशी लोकांच्या दालनांत ती दुर्मीळ शंख, नाणी आणि घड्याळं यांच्या शेजारी मांडली जात. फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात त्याच्या दोन दुर्बिणी आहेत आणि एक तडकलेलं वस्तुभिंग आहे. हे भिंग सतराव्या शतकातच कोरीव हस्तिदंती चौकटीत बसवलं गेलं. म्हणजे ते वैज्ञानिक साधन म्हणून टिकलं नाही, पूज्य अवशेष म्हणून टिकलं.

हार्लेमच्या टायलर संग्रहालयात मार्टिनस फान मारुम यांचं १७८४ सालचं प्रचंड विद्युतयंत्र आहे. पॅरिसमध्ये क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली कला आणि हुन्नरांचं राष्ट्रीय भांडार स्थापन झालं, ते कारागिरांना यंत्रं पाहून शिकता यावं म्हणून. ऑक्सफर्डचं विज्ञानेतिहासाचं संग्रहालय १९२४ साली लुईस इव्हान्स यांनी विद्यापीठाला दिलेल्या खाजगी संग्रहातून उभं राहिलं. हार्वर्डमध्ये डेव्हिड व्हीटलँड यांनी विद्यापीठाच्या माळ्यांवरून आणि कपाटांतून टाकाऊ ठरलेली साधनं गोळा केली. आज तो संग्रह वीस हजारांच्या घरात आहे. मोठमोठ्या संस्थांचं मूळ अनेकदा अशा एखाद्या चिकट माणसाच्या हौसेत सापडतं.

हौस म्हटली की आवडनिवड आलीच. संग्राहकाला आवडतं ते चकाकणारं, कोरीव, सही केलेलं. त्यामुळे जगातल्या संग्रहांत सतराव्या-अठराव्या शतकातली देखणी पितळी यंत्रं भरपूर आहेत, आणि रोजच्या राबत्याची, तेलकट, ओबडधोबड साधनं कमी. राजाला भेट दिलेला सूक्ष्मदर्शक टिकला. ज्यावर खरोखर काम झालं तो झिजला, मोडला आणि मोडीत गेला.

याच मोहाने एक नकली बाजारही उभा केला आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पर्यटनाच्या गावांत पितळी सेक्स्टंट आणि दुर्बिणी विकायला असतात. त्यांच्यावर लंडनच्या जुन्या कारखानदारांची नावं कोरलेली असतात, आणि त्या आपल्याच देशात आजकाल बनलेल्या असतात. जाणकार माणूस नावाकडे बघतच नाही. तो भिंगातून अंशांच्या रेघा बघतो. खऱ्या यंत्रावर त्या केसासारख्या बारीक आणि समान अंतरावर असतात, कारण त्यावर मोजणी अवलंबून होती. नकली यंत्रावर त्या जाड असतात, कधी एकसारख्याही नसतात. खऱ्या यंत्रावर बोटं जिथे लागत तिथलाच मुलामा उडालेला असतो. नकली यंत्राला सगळीकडून सारखाच जुनेपणा दिलेला असतो.

भारतीय उपकरणंही अशीच देशोदेशीच्या संग्रहांत पांगली, आणि या पांगापांगीवर एका अभ्यासकाने उत्तर शोधलं. मुघल काळात लाहोरमध्ये एका घराण्याच्या चार पिढ्यांनी ताऱ्यांचे वेध घेण्याचे ॲस्ट्रोलेब आणि खगोल घडवले. संस्कृत पंडितांनीही ॲस्ट्रोलेबला यंत्रराज म्हणून आपलंसं केलं होतं. महेंद्र सूरीचा त्यावरचा ग्रंथ १३७० सालचा. ही यंत्रं पुढे जगभर गेली. अलीगढ विद्यापीठात संस्कृत शिकवणारे श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी अनेक वर्षं खपून देशोदेशीच्या संग्रहांतल्या पाचशेहून अधिक भारतीय यंत्रांची वर्णनात्मक सूची केली. प्रत्येक यंत्रावरचा मजकूर, ताऱ्यांची नावं, अक्षांश, मापं, सगळं तिच्यात आहे. यंत्रं एका छताखाली आणणं आता शक्य नाही. त्यांची माहिती मात्र एका जागी आली. संग्रह करण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि आपल्या खिशाला परवडणारा.

भारतातल्या तीन वाटा

आपल्याकडे ही उपकरणं ढोबळमानाने तीन वाटांनी आली. पहिली वाट पंचांगाची आणि वेधांची. घंगाळात तरंगणारं तांब्याचं घटिकापात्र तिच्यातलं सगळ्यात साधं साधन. बुडाला बारीक भोक, पात्र भरून बुडालं की चोवीस मिनिटं झाली. लग्नाचा मुहूर्त साधायला ते गावोगाव वापरलं जाई. तिच्या दुसऱ्या टोकाला सवाई जयसिंहाच्या दगडी वेधशाळा. जयपूरचं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि ती वेधशाळा २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात ज्योतिषाच्या इतिहासाबरोबर वेधांचा आणि यंत्रांचाही परामर्श घेतला. म्हणजे साधनांचा इतिहास लिहायची मराठीत सव्वाशे वर्षांची परंपरा आहे.

दुसरी वाट कंपनी सरकारच्या मोजणीची आणि वेधशाळांची. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेली मोजणी पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून गाजली. लॅम्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. त्यांचा कोन मोजण्याचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या कॅरी यांनी बनवलेला, आडव्या चकतीचा व्यास ३६ इंच, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. भारतात येताना तो ज्या जहाजात होता ते फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. यंत्र कशासाठी आहे ते कळल्यावर त्यांनी ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चकती वाकली. लॅम्टन यांनी तंबूत बसून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ती सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा आकारात आणली आणि काम पुढे चालू केलं.

संग्रहाच्या दृष्टीने हा अपघात फार मोलाचा आहे. हा थिओडोलाइट आज जपून ठेवताना नेमकं काय जपायचं? कॅरीच्या कारखान्यातून निघालेलं यंत्र, की तंजावरला वाकलेलं आणि तंबूत सरळ केलेलं? पुढे या मोजणीचे नंतरचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात हेन्री बॅरो आणि त्यांच्यानंतर सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी सर्वेक्षणाची यंत्रं दुरुस्त करून चालती ठेवली. मोहसीन हुसेन अर्काटचे. त्यांच्या हाताच्या खुणा त्या यंत्रांवर असणारच. दर्शनी पाटीवर मात्र बहुधा लंडनच्या कारखानदाराचं नाव येतं. यंत्र बनवणाऱ्याची सही असते, ते जिवंत ठेवणाऱ्याची नसते. आपल्या देशातल्या विज्ञानाचा बराचसा इतिहास या न केलेल्या सह्यांमध्ये आहे. केरूनाना छत्रे यांच्यासारख्या पुढे नावारूपाला आलेल्या गणितज्ञानेही तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत तिचे प्रमुख ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम केलं होतं. तिथे आकडे वाचणारे इतर अनेक हात मात्र निनावीच राहिले.

पुण्याची गोष्ट वेगळी आणि थोडी चटका लावणारी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. ग्रब कंपनीची तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून बसले, सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली आणि सविस्तर अहवाल छापला. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्राच्या दृष्टीने हे ठीकच झालं, ते वापरणाऱ्यांच्या हाती गेलं. पण देशातली सर्वांत मोठी दुर्बीण कधीकाळी आपल्या गावात होती हे आज पुणेकरांना सांगावं लागतं. एका माणसावर उभी असलेली संस्था तो माणूस गेला की बसते, हा धडा उपकरणांच्या संग्रहांनाही लागू आहे.

तिसरी वाट विसाव्या शतकाच्या तोंडावर निघालेल्या भारतीय प्रयोगशाळांची. इथली साधनं बहुतेकदा घरीच जुळवलेली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध लावला, त्याची साधनं काहीशे रुपयांत बसणारी होती. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग केले, त्यातली काही साधनं बोस इन्स्टिट्यूटने जपली आहेत. त्यांतलं एक आवर्जून सांगण्यासारखं आहे. लहरींच्या ध्रुवणासाठी बोस यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतलं आणि त्याच्या पानापानांमध्ये कथलाचा पातळ पत्रा घातला. कागद वीज वाहत नाही, पत्रा वाहतो, त्यामुळे थप्पी एका दिशेची लहर अडवते आणि दुसऱ्या दिशेची जाऊ देते. पुस्तक नव्वद अंशांत फिरवलं की पलीकडच्या ग्राहकावर फरक दिसतो. झालं उपकरण.

आता हे वेळापत्रक एखाद्या सरकारी कपाटात बेवारस सापडलं असतं तर? साफसफाईत ते पहिल्या तासाभरात रद्दीत गेलं असतं. त्याला उपकरण ठरवणारी गोष्ट त्या वस्तूत नाहीच, ती बोस यांच्या लेखांत आणि आकृत्यांत आहे.

घासूनपुसून लख्ख

आता प्रत्यक्ष जतनाकडे. सर्वांत जास्त नुकसान दुर्लक्षाने होतं हा समज अर्धाच खरा आहे. बरंचसं नुकसान आस्थेने होतं. पाहुणे यायचे म्हणून शिपाई चिंच किंवा बाजारातलं पॉलिश घेऊन जुनं पितळी यंत्र दिवाळीच्या घंगाळासारखं लख्ख करतो, आणि शंभर वर्षांची माहिती एका दुपारीत पुसली जाते. पितळेवर मूळचा लाखेचा सोनेरी मुलामा असतो, तो निघतो. मोजपट्टीवर चांदीचा पातळ थर असतो, तो जातो. कोरलेल्या रेघा उथळ होतात, आणि रेघेची रुंदी हीच तर त्या यंत्राची अचूकता.

काटेकोरपणे जपलेलं मापही बदलू शकतं याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅरिसजवळच्या सेव्रमधला आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमचा ठोकळा. प्लॅटिनम-इरिडियमचा, घंटेच्या आकाराच्या काचांखाली ठेवलेला, ठरावीक पद्धतीनेच धुतला जाणारा. तरीही शंभर वर्षांत तो आणि त्याच्या अधिकृत प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडलेली आढळली. भारताची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर गेली आणि सेव्रचा ठोकळा त्या दिवशी प्रमाणातून इतिहासात आला.

पितळेखेरीज या उपकरणांत सतरा पदार्थ असतात आणि प्रत्येकाची तब्येत वेगळी. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, ते उजेडात विटतं आणि त्यातून सुटणारं गंधकाम्ल शेजारच्या धातूला खातं. लाकडी पेटीतून निघणाऱ्या आम्ल वाफा शिशाच्या वजनांवर पांढरी पूड आणतात. भिंगांचे जोड कॅनडा बाल्समने चिकटवलेले असतात, ते पिवळे पडून सुटतात. थिओडोलाइटच्या नेत्रिकेतली फुलीची रेघ पुष्कळदा खरोखर कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याची असते. उत्साहाने फुंकर मारणारा तो एका क्षणात तोडू शकतो.

कोकणपट्टीत आणि मुंबईत सगळ्यांत मोठा वैरी पावसाळा. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ चढी राहिली की भिंगांवर बुरशीची जाळी पसरते आणि ती काचेवरच ओरखडल्यासारखी खूण सोडते. मोठाल्या वातानुकूलित दालनांपेक्षा इथे साध्या उपायांचा उपयोग जास्त: हवा खेळती ठेवणं, बंद पेटीत सिलिका जेल आणि ती वेळेवर बदलणं, बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट न ठेवणं. रात्री बंद आणि दिवसा चालू असा एसी तर टाळलेलाच बरा, कारण वस्तू सततच्या चढउताराने जास्त खंगतात.

काही वस्तू सांभाळणाऱ्यालाच अपाय करतात. जुन्या वायुभारमापकांत आणि तापमापकांत पारा असतो, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियम, उष्णतारोधक थरांत ॲस्बेस्टॉस, आणि जुन्या फिल्म नायट्रेटच्या असतील तर त्या पेट घेतात. पाऱ्यावर बंधन आणणारा मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला. पाऱ्याची साधनं हळूहळू मागे पडणार, आणि ती योग्य तऱ्हेने रिकामी करून, तशी स्पष्ट नोंद ठेवून जपायची की सरसकट नष्ट करायची, हा निर्णय आत्ताच घ्यायची वेळ आहे.

चालवावं की ठेवावं

यंत्र चालवलं तर झिजतं, आणि नाही चालवलं तर ते काय करत होतं ते कोणाला कळत नाही. या पेचावर जाणकारांत दोन तट आहेत. कोडाईकनालच्या वेधशाळेने यावर काहीसं व्यवहारी उत्तर दिलं. मद्रासला १८५० साली आलेली सहा इंची दुर्बीण १८९८ साली ग्रबकडून सुधारून घेतली गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोडाईकनालला तिने सूर्याची छायाचित्रं घेतली जाऊ लागली. एकच साधन शंभर वर्षं राखल्यामुळे जुन्या आणि नव्या छायाचित्रांची सरळ तुलना करता येते. छायाचित्रांच्या त्या काचपट्ट्यांचं आता डिजिटल रूपांतर झालं आहे. इथे जतनाचा हेतू शोभेचा नाही, मोजणीचा धागा न तोडण्याचा आहे.

हाच धागा कुलाब्याने दुसऱ्या रीतीने राखला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागल्यावर, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजणी बिघडेल म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पोरबंदरचा दगड वापरला, बांधकामात लोखंड टाळलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही यंत्रांतला फरक ठरवला आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबवली. पुढच्याच वर्षी ट्राम धावली. जुनं साधन निवृत्त करताना नव्याशी त्याची गाठ घालून द्यायची, हे शहाणपण आजही दुर्मीळ आहे.

दुरुस्तीचा मात्र दुसरा तोटा असतो. जयपूरच्या यंत्रांची १९०१ च्या सुमारास गॅरेट आणि पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी मोठी डागडुजी केली. तिच्यामुळे वेधशाळा वाचली, पण आज तिथे दिसणारी प्रत्येक अंशरेघ जयसिंहाच्या काळची मानून निष्कर्ष काढता येत नाही. दुरुस्तीला विरोध करण्याचं कारण नाही. कधी, कोणी, काय बदललं याची वही हवी, एवढंच.

उरलेला मार्ग प्रतिकृतीचा. जर्मनीत हाइन्झ ओट्टो सिबुम यांनी जेम्स जूलचा पाणी घुसळून उष्णता मोजण्याचा प्रयोग तशाच यंत्रावर पुन्हा केला. त्यांना कळलं की तापमान इतकं बारकाईने वाचायला शरीर आणि हात तयार असावे लागतात. जूल बिअर बनवणाऱ्या घराण्यातला, तापमापकावर त्याचा हात बसलेला होता. हे ज्ञान छापील लेखात आलेलंच नव्हतं. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने चार्ल्स बॅबेजचं कधीच न बांधलं गेलेलं दुसरं डिफरन्स इंजिन हे गणकयंत्र १९९१ साली त्याच्या आराखड्यांवरून बांधलं, आणि ते चालतं हे दाखवून, तो आराखडा चालण्याजोगा होता का, हा जुना वाद मिटवला. मूळ वस्तू पेटीत ठेवून प्रतिकृतीला राबवणं हा सध्या सर्वांत शहाणा तोडगा दिसतो.

काळ्या पेट्यांचा काळ

आतापर्यंतची यंत्रं पाहून कळत तरी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळं राखाडी पत्र्याच्या पेट्यांत गेलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली चालू झाला. सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि २,०४८ शब्दांची चुंबकीय कड्यांची स्मृती. असा संगणक जपायचा म्हणजे काय जपायचं? नलिकांची मांडणी ठेवली तरी त्याला दिलेल्या आज्ञा, छिद्रित पट्ट्या आणि जोडणीच्या आकृत्या नसतील तर ते कपाटभर फर्निचर.

पुढे तर अडचण वाढतच गेली. आजच्या वर्णपटमापकाचा निम्मा भाग सॉफ्टवेअरमध्ये असतो. ते विशिष्ट संगणकावर, विशिष्ट प्रणालीवर चालतं, कंपनी त्याचा आधार काढून घेते, आणि धडधाकट यंत्र पाच-दहा वर्षांत निरुपयोगी ठरतं. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ सालचा परम ८००० असो की एखाद्या महाविद्यालयातला पहिला आज्ञावली लिहायचा संगणक, फ्लॉपीवरचा मजकूर पितळेपेक्षा कितीतरी लवकर मरतो. शंभर वर्षांचा थिओडोलाइट कोणीही जाणकार आज वापरू शकेल. तीस वर्षांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र पुस्तिकेशिवाय चालू करणंही कठीण. त्यामुळे जतनाची खरी तातडी अलीकडच्या यंत्रांना आहे, आणि संग्राहकांचं लक्ष अजून जुन्या पितळेवर.

कायदा, कपाट आणि निर्लेखन

पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ सालचा. विज्ञानाची साक्ष देणारी वस्तूही त्याच्या व्याख्येत बसते, पण ती किमान शंभर वर्षं जुनी हवी. शास्त्रीय मूल्याच्या हस्तलिखितांना ही अट पंचाहत्तर वर्षांची. म्हणजे स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या बहुतेक विज्ञानाची साधनं या छत्रीबाहेर उभी आहेत. सरकारी कागदांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होतो, पण कार्यालयांत ‘अभिलेख’ म्हटलं की फायली डोळ्यांपुढे येतात. मोजणीच्या वह्या आणि यंत्राच्या पुस्तिका त्यात मोजायचं कोणाच्या सहसा मनात येत नाही.

संस्थांची विभागणीही अडचणीची. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांचा, आपल्या वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासकट, मुख्य भर हात लावून शिकण्याच्या प्रदर्शनांवर. ते काम मोलाचं आहे, पण जुन्या साधनांचं पद्धतशीर भांडार हे त्यांचं मुख्य काम नाही. कलासंग्रहालयांना उपकरण देखणं असेल तर हवं असतं. अभिलेखागारांना कागद चालतो, दोनशे किलोची वस्तू चालत नाही. त्यामुळे यंत्र एका दारी आणि त्याची वही दुसऱ्या दारी जाते. टाटा संस्थेने आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राने स्वतःची अभिलेखागारं उभारली, तिथे शास्त्रज्ञांची पत्रं, छायाचित्रं आणि मुलाखती जमवल्या जातात. यंत्राची गोष्ट सांगायला लागणारं साहित्य अशाच ठिकाणी मिळतं.

महाविद्यालयांत या वस्तूंचं भवितव्य डेडस्टॉक रजिस्टर ठरवतं. तपासणीच्या वेळी नोंद आणि वस्तू जुळली पाहिजे, नाहीतर प्रमुखाच्या डोक्याला ताप. त्यामुळे बंद पडलेलं यंत्र ठेवण्यापेक्षा निर्लेखन करून भंगारात काढणं सगळ्यांना सोयीचं. समिती बसते, यादीवर सह्या होतात, वजनावर भाव ठरतो. टॅन्जंट गॅल्व्हनोमीटर, केटरचा लंबक, पोस्ट ऑफिस बॉक्स, सगळं एका टेम्पोत. या साखळीत कोणाचाही वाईट हेतू नसतो. ‘हे ऐतिहासिक आहे का?’ असा रकाना मात्र त्या कागदावर नसतो.

आता काय करता येईल

सगळंच ठेवता येणार नाही, हे आधी मान्य करायला हवं. एकाच बनावटीचे चाळीस सूक्ष्मदर्शक जपण्यात अर्थ नाही. निवडीची कसोटी देखणेपणाची किंवा वयाची नसावी. या साधनाने एखादी मोजणी, शोध किंवा शिकवण्याची पद्धत घडवली का, त्यात स्थानिक दुरुस्ती वा बदल आहे का, आणि त्याच्या नोंदी शिल्लक आहेत का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर ते साधन मळलेलं आणि मोडकं असलं तरी पहिल्या रांगेत बसतं.

दुसरं, प्रत्येक संस्थेला संग्रहालय परवडणार नाही, गरजही नाही. एखाद्या विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी एक सामायिक गोदाम आणि एक सामायिक सूची ठेवली तरी पुष्कळ. मालकी मूळ महाविद्यालयाकडे राहू द्या, वस्तू सुरक्षित जागी राहू द्या.

तिसरं, आणि सगळ्यांत स्वस्त: निर्लेखनाच्या यादीला प्रत्येक उपकरणामागे एक पान जोडायचं. यंत्र कुठून आलं, कोणी बनवलं, काय मोजायला वापरलं, त्यात नेहमी कोणती खोड येई, कोणी काय दुरुस्त केलं, नोंदवह्या कुठे आहेत. चारही बाजूंनी आणि मोजपट्टीजवळून काढलेले फोटो. मग यंत्र भंगारात गेलं तरी सगळंच गेलं असं होणार नाही.

हे पान भरणारा माणूस बहुधा प्राध्यापक नसतो. तीस-पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या सहायकालाच ठाऊक असतं की अमुक गॅल्व्हनोमीटर डावीकडून टिचकी मारल्याशिवाय शून्यावर येत नाही, तमुक वर्णपटमापकाचा स्क्रू कोणत्या साली लेथवर नव्याने काढून घेतला, आणि कपाटामागच्या ट्रंकेत कोणत्या वह्या आहेत. अशा माणसांची एक पूर्ण पिढी सध्या निवृत्त होते आहे. निरोप समारंभात आपण त्यांना शाल आणि श्रीफळ देतो, दोन भाषणं होतात. त्याच आठवड्यात त्यांना कपाटासमोर बसवून, फोनचा रेकॉर्डर चालू करून, एकेक यंत्र हातात देऊन बोलतं केलं तर समारंभाइतकाही खर्च येणार नाही. उपकरण नंतर शोधता येतं, लिलावात विकतही मिळतं. ते चालवणाऱ्याचं बोलणं मिळवायला एवढीच मुदत आहे.